झाड गाते की सर्किट?

प्रश्न : रबर प्लांटच्या पानांना ईसीजीचे पॅड लावून, ५५५ टायमर (ठोके देणारी चिप) आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) यांनी मिडी स्वर (वाद्याला आकड्यांनी सांगितलेले स्वर) काढणारे सर्किट जोडले. कधी स्वरांचा नुसता मारा होतो, कधी तासभर चिडीचूप. असे का?

उत्तर : आधी ५५५ ची जोडणी पडताळा. पिन ८ आणि ४ +५ व्होल्टला, १ ग्राउंडला, २ आणि ६ एकमेकींना. ८ व ७ मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर, ६ व ग्राउंडमध्ये ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ७ व ६ मध्ये झाड. पानाचा रोध (रेझिस्टन्स) १ मेगाओहम असेल तर पिन ३ वर सुमारे १४५ हर्ट्झचे ठोके येतात. रोध बदलला की ठोक्यांमधले अंतर बदलते. आर्डुइनो मोजतो ते एवढेच.

चिडीचूप झाल्यास पहिला संशय आयसीवर, म्हणजे ५५५ च्या चिपवर घ्या. साध्या एनई५५५ ची पिन ६ स्वतःच थोडा करंट ओढते, त्यामुळे ५ व्होल्टवर एकूण रोध ३.४ मेगाओहमच्या पुढे गेला की तो अडखळतो. मेणचट पान आणि पॅडचे सुकलेले जेल असले की एवढा रोध सहज होतो. पिनेवर नगण्य करंट ओढणारा सीमॉस जातीचा टीएलसी५५५ बसवा, पिना त्याच. पान ओल्या फडक्याने पुसा आणि ईसीजीचे ताजे पॅड लावा. दातेरी क्लिप नको. पान चेचले की रोध सरकतच राहतो.

स्वरांचा मारा बहुधा मेन्सच्या (घरच्या वीजपुरवठ्याच्या) गुणगुणीमुळे होतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवा; वायरी अर्ध्या मीटरच्या आत आणि पीळ दिलेल्या ठेवा. प्रत्येक ठोका न मोजता १०० मिलिसेकंदांची सरासरी घ्या. त्यात ५० हर्ट्झची पूर्ण ५ आवर्तने बसतात (६० हर्ट्झची ६), म्हणून गुणगुण बरीचशी आपोआप कटते. पॅड लावल्यावर पहिली १५ मिनिटे जेल मुरते, तेव्हाचे स्वर धरू नका. त्यानंतर सरासरी २ टक्क्यांहून जास्त हलली तरच स्वर वाजू द्या. हा आकडा कानाने कमीजास्त करा. मिडीचे ६०, ६२, ६४, ६७, ६९ म्हणजे भूपाचे पाच स्वर. त्यांतले कोणतेही कसेही वाजले तरी गोड लागतात, पण त्याचे श्रेय झाडाला देऊ नका.

प्रश्न : मग हा झाडाचा स्वतःचा विद्युत संदेश नव्हे?

उत्तर : नव्हे. इथे बाहेरून करंट देऊन रोध मोजला जातो. झाडाच्या जागी ओला टिश्यू पेपर लावून पाहा, तोही बऱ्यापैकी ‘गातो’. कार्यक्रमाआधी ही चाचणी प्रत्येकाने करावी.

झाडाचाच संदेश हवा असेल तर लाजाळू घ्या. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे दोन इलेक्ट्रोड देठावर, तिसरा ओल्या मातीत, तो सर्किटच्या ग्राउंडला. एडी६२० अँप्लिफायरला ५.६ किलोओहमचा रेझिस्टर लावला की गेन (संदेश मोठा होण्याचे प्रमाण) सुमारे १० पट मिळतो. हजार पटीच्या मोहात पडू नका, इलेक्ट्रोडमधल्या व्होल्टेजच्या मूळच्या फरकानेच अँप्लिफायर टोकाला जाऊन अडकतो. ईसीजीचे तयार मॉड्यूलही इथे कामाचे नाही. ते सहसा अर्ध्या हर्ट्झखालचे सगळे गाळते, आणि लाजाळूचा संदेश काही सेकंद चालणारा. तो थेट ऐकू येत नाही. एकतर त्याने सिंथचा (सिंथेसायझरचा) स्वर वरखाली हलवा, नाहीतर नोंद करून २०० पट वेगाने वाजवा.

प्रश्न : यातून झाडाला इजा होते का?

उत्तर : ५५५ च्या सर्किटमध्ये करंट ३ मायक्रोअँपियरच्या आसपास असतो. कपॅसिटर भरताना तो एका दिशेने वाहतो, रिकामा होताना उलट. त्याने काही बिघडत नाही. पान फाटते ते पॅड ओढून काढल्याने. कडेने पाणी सोडा, दोन मिनिटांनी अलगद सुटतो.