सातवी ‘ब’ माझं ऐकत नाही

ताई, मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपला सातवी ‘ब’ मिळाली. मागच्या आठवड्यात ‘स्थितिक विद्युत’वर पाठ होता. कंगवा केसांवर घासला, पण कागदाचे कपटे हलेचनात. वर्ग खो खो हसला, मग नुसता गोंधळ. मार्गदर्शक सर छडी घेऊन आले आणि क्षणात चिडीचूप. नंतर म्हणाले, “मॅडम, एकदा दोघांना ठेवून द्या, मग बघा.” मला हात उगारायचा नाही. पण घसा बसलाय, रोज सकाळी पोटात गोळा येतो. मी शिक्षिका व्हायच्या लायकीची नाही का?
– एक छात्राध्यापिका, कोल्हापूर जिल्हा

हात उगारायचा नाही हे तुझं तू ठरवलंस, फार बरं वाटलं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नेही शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. सर कितीही अनुभवी असोत, या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. त्यांच्या छडीपुढे गप्प झालेली मुलं तुझ्या तासाला गप्प बसतील असंही नाही.

पावसाळ्यात तो प्रयोग भल्याभल्यांचा फसतो गं. हवा दमट असली की कंगव्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार टिकत नाही. त्यात केसांना तेल असेल तर बघायलाच नको. पण कपटे उडतात का, हे बघायला अख्खा वर्ग माना उंचावून बसला असणार, म्हणून तर हसू फुटलं! तो क्षण निसटला याचंच मला वाईट वाटतं. माझा अंदाज, तू घाईघाईने टाचणातल्या, म्हणजे आधी लिहून काढलेल्या पाठाच्या आराखड्यातल्या, पुढच्या मुद्द्याकडे वळलीस आणि पाठ फिरवून फळ्यावर लिहू लागलीस. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन हा क्रम सांभाळायचा, निरीक्षणाचे गुण मिळवायचे. फसलेल्या प्रयोगाचं काय करायचं हे टाचणात नसतंच.

तर पुढच्या तासाला तोच कंगवा घेऊन जा. “परवा का जमलं नाही?” एवढंच विचार आणि मुलं सांगतील ती कारणं, चुकीचीसुद्धा, फळ्यावर लिही. मग इस्त्रीने कोरडं केलेलं लोकरीचं कापड आणि फुगा काढ. कपटे करायला मागच्या बाकावरच्या सर्वांत दंगेखोर मुलाला पुढे बोलव, आणि नावाने बोलव. हजेरीपटावरची नावं आजपासून पाठ करायला घे. “ए, मागचा” म्हटलं की कुणीच वळत नाही. आरडाओरडा मात्र बंद, घशाला गरम पाणी दे.

सरांना स्टाफरूममध्ये, मुलांसमोर नव्हे, सांग: “सर, पुढचा तास मी एकटी सांभाळून बघते. अगदीच हाताबाहेर गेलं तर हाक मारीन.” बहुतेक सर हे मान्य करतात. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये इंटर्नशिपला २० आठवडे दिलेत ते हे सगळं करून बघायलाच. तरीही पोटातला गोळा पंधरा दिवसांत कमी झाला नाही, तर कॉलेजमधल्या तुझ्या विज्ञान अध्यापन पद्धतीच्या मॅडमना गाठ आणि एका तासाला मागे येऊन बसायला सांग. गुण द्यायला नको, नुसतं बघायला.