शिफ्टर गेलाय की नुसता चिकटलाय? : वाचकांचे सायकल-प्रश्न

नमस्कार ताई, माझ्याकडे जुनी रोडबाइक आहे, पुढे २ मागे ९, सगळा शिमानो कंपनीच्या सोराचा गिअर-सेट, सेकंडहँड १८ हजाराला घेतलेली. रोज मुलुंड ते पवई ऑफिसला त्याच्यावरच जातो. जुलैपासून उजव्या हाताचा शिफ्टर, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरमधलाच मागचे गिअर बदलणारा भाग, बिघडलाय, ब्रेकचा लिव्हर आत ढकलला की टक् व्हायला पाहिजे ते होतच नाही, रिकामा फिरतो, त्यामुळे जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा) चढ आला की उतरून ढकलायची वेळ येते. विचित्र म्हणजे दुपारी सायकल उन्हात उभी असेल तर चार-पाचदा गिअर पडतो आणि मग परत नाही. दुकानात म्हणाले शिफ्टर गेले, जोडीच बदलावी लागेल, ११ हजार. ऑफिसातला मित्र वापरलेले शिमानोच्याच टियाग्रा ४७०० चे शिफ्टर ३ हजारात देतोय, १० स्पीडचे आहेत. ते घेऊ, की यूट्यूबवर दाखवतात ते चायनाचे मागवू? घरचे म्हणतात एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाक.

— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दादा, सायकल विकू नका, आणि मित्राला पैसेही अजून देऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, उन्हात उभी असली की चालतो. मोडलेला पार्ट ऊन लागलं म्हणून चालत नाही, उन्हाने फक्त घट्ट झालेलं ग्रीस सैल होतं. शिफ्टरच्या पोटात बारीक दात असतात आणि त्यांना धरणारा एक खटका असतो, स्प्रिंग त्याला दातांवर ढकलत असते, आणि कंपनीने भरलेलं ग्रीस वर्षानुवर्षं सुकत, धूळ खात इतकं चिकट होतं की स्प्रिंगला तो खटका हलवताच येत नाही. लिव्हर फिरतो, आत काही धरलंच जात नाही. आपल्याकडे तर समुद्राची हवा, चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने रस्त्याची धूळ, म्हणजे हे लवकरच होणार.

माझ्या स्वतःच्या उजव्या शिफ्टरचं अगदी हेच झालं होतं. गॅलरीत पेपर पसरून बसले, रबरी हूड, म्हणजे शिफ्टरवरचं आवरण, मागे सोलला, पुढच्या फटीतून टॉर्च मारला तर आत ग्रीस कुठलं, वाळलेल्या डिंकासारखे पिवळे-तपकिरी गोळे होते दातांच्या कडेला. डब्ल्यूडी-४० ची बारीक नळी आत घालून फवारलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी परत फवारलं आणि लिव्हर मारत बसले, शंभर झाले, दीडशे झाले, काही नाही, खालून काळं पाणी गळतंय फक्त. मग कधीतरी एक टक् आला. मग दहात एक, मग दहात पाच, आणि अर्ध्या तासाने प्रत्येक वेळी. तो आवाज परत ऐकून जे वाटलं ते मी विसरणार नाही.

तर तुम्ही आधी हेच करा. केबल मागच्या डीरेलरवरून (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) सोडवा म्हणजे ताण राहणार नाही, दोन-तीन दिवस रोज फवारा आणि रोज लिव्हर मारा, कंटाळू नका, लोक वीस वेळा मारून सोडून देतात म्हणून त्यांचं होत नाही. सगळं नीट धुतलं गेलं की शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब आत सोडायचेच, कारण डब्ल्यूडी-४० धुऊन काढायला चांगलं असलं तरी वंगण म्हणून ते टिकत नाही. आणि फवारताना रिमवर किंवा डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर जुनी प्लॅस्टिकची पिशवी बांधा, ब्रेकला हे लागलं तर सायकल थांबणार नाही, ही गोष्ट मी अगदी हात जोडून सांगते.

लगे हात केबलही नवीन टाका. केबलचं डोकं शिफ्टरच्या आत बसतं, तिथे ती प्रत्येक गिअरला वाकते आणि एकेक तार तुटत जाते, बाहेरून कळत नाही, फक्त आठवडाभर गिअर नीट बसत नाहीत आणि मग एके दिवशी अचानक केबल तुटून साखळी सगळ्यात लहान चकतीवर जाऊन बसते. काढताना ब्रेक लिव्हरमागचा लहान लिव्हर मारत मारत शेवटपर्यंत जा, तरच डोकं भोकासमोर येतं. गिअरची आतली तार १.२ मिलिमीटरची, ब्रेकची त्याहून जाड असते, आणि बाहेरची नळीही गिअरची वेगळी असते. गिअरची नळी चुकूनही ब्रेकला लावू देऊ नका, तिच्यातल्या तारा उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबला की ती फाटू शकते. नळीचा शेवटचा वळसा, मागच्या डीरेलरकडे जातो तो, तिथे पावसाचं पाणी साठतं, तो तुकडा तरी बदलाच.

एवढं करूनही नाही चाललं तर मग बदलायचा, पण जोडी कशाला? डावा चालतोय ना? शिमानोचे डावे-उजवे सुटे मिळतात, काळबादेवीत दोन-चार दुकानं फिरून विचारा, "जोडीच मिळेल" हे पहिल्या दुकानाचं उत्तर शेवटचं मानू नका.

आता टियाग्रा. शिफ्टर वाईट नाहीत, चांगले आहेत, पण तुमच्या सायकलवर ते चालणार नाहीत आणि कारण समजून घेतलंत तर पुढे कधीच फसणार नाही. शिफ्टरचं काम एवढंच, की एका टक्-मध्ये ठरावीक मिलिमीटर केबल ओढायची, आणि डीरेलर त्या मिलिमीटरला ठरावीक पटीने गुणून साखळी सरकवतो. तुमचा ९ स्पीडचा शिफ्टर एका टक्-ला साधारण २.५ मिलिमीटर ओढतो, सोराचा डीरेलर त्याला १.७ ने गुणतो, आणि झाले सव्वाचार-साडेचारच्या मध्ये कुठेतरी, तेवढंच तुमच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या गठ्ठ्यातल्या, दोन चकत्यांमधलं अंतर आहे, ४.३५. शिमानोच्या ८, ९ आणि जुन्या १० स्पीडच्या रोड डीरेलरची पट हीच, १.७. पण टियाग्रा ४७०० ला त्यांनी ११ स्पीडवाली पट दिली, १.४ च्या आसपास, म्हणून त्याचा शिफ्टर एका टक्-ला जास्त ओढतो, २.८ च्या जवळ. तो तुमच्या डीरेलरला लावला तर साखळी दर टक्-ला जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त सरकेल, तिसऱ्या-चौथ्या चकतीपर्यंत सगळं गंडलेलं. मग डीरेलर बदला, कॅसेट बदला, चेन बदला, आणि ३ हजाराचे शिफ्टर १० हजाराला पडले. मित्राचा यात काही दोष नाही, १० स्पीड म्हणजे १० स्पीड असंच सगळ्यांना वाटतं.

म्हणून बाजारात जायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहा : मागे चकत्या किती, पुढे किती, आणि डीरेलर व शिफ्टरवर कोरलेला नंबर. शिफ्टरचा नंबर 'एसटी' ने सुरू होतो, लिव्हरच्या आतल्या बाजूला किंवा हूडखाली सापडतो, मोबाइलने फोटोच काढून ठेवा. सोरा ९ ला ९ स्पीडचाच सोरा, मग तो ३५०० असो की आर-३०००, मागच्या गिअरला दोन्ही चालतात. फक्त जुन्यात केबल हूडच्या बाजूने बाहेर लोंबते आणि नव्यात हँडलच्या टेपखालून जाते. त्याहून जुना अंगठ्याच्या बटणाचा ३४०० स्वस्तात मिळाला तर तोही मागचे ९ गिअर बरोबर टाकतो, पण हँडल खालून पकडल्यावर ते बटण हाताला येत नाही, मला स्वतःला आवडत नाही.

स्वस्तात नवीनच हवा असेल तर मायक्रोशिफ्टचा ९ स्पीड बघा, तैवानची कंपनी आहे, शिमानोच्या मापाने केबल ओढतो, ब्रेक लिव्हर जागेवर राहतो आणि मागे दोन छोटे लिव्हर असतात, आठवड्यात हाताला सवय होते. यूट्यूबवरचे चायनीज शिफ्टर बहुतेकदा अलीएक्स्प्रेसवरून मागवलेले असतात आणि त्या अ‍ॅपवर आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्येच बंदी आली, म्हणजे इथे ते कोणातरी मधल्या माणसाकडून, किंमत वाढवून आणि गॅरंटीशिवाय. ९०० किलोमीटरवर खटका तुटला तर दार कोणाचं ठोठावणार? रोज ऑफिसला जायच्या सायकलला मी नाही लावणार.

वापरलेला घ्यायला मात्र अजिबात लाजू नका. हौसेने घेतलेल्या आणि मग बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या रोडबाइक या शहरात किती आहेत! समोर बसून सगळे ८ टक् वर आणि सगळे खाली मोजा (९ गिअर म्हणजे मधले टक् ८), मध्ये एक जरी रिकामा गेला तरी भाव पाडा, पण लगेच सोडून देऊ नका, कारण आता तुम्हाला माहितीय की तो बहुधा नुसता चिकटलेला असेल. डांबरावर घासलेला, लिव्हर वाकलेला असेल तर मात्र नको.

ताई, माझ्या हायब्रिडला सरळ हँडल आहे आणि ८ गिअर. वाकडं हँडल आणि स्वस्तातले रोडचे शिफ्टर लावले तर चालेल का? नाहीतर आहेत तेच शिफ्टर वाकड्या हँडलवर चढवते.

— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आहेत ते चढणारच नाहीत गं. सरळ हँडलची नळी पकडीच्या जागी २२.२ मिलिमीटर जाड असते आणि वाकड्याची २३.८, तो दीड मिलिमीटर पुरेसा आहे. तुझा मागचा डीरेलर शिमानोचा असेल तर शिमानोचाच रोडचा ८ स्पीडचा क्लॅरिस शिफ्टर मागचे गिअर बरोबर टाकेल, त्याची काळजी नाही, अडचण ब्रेकची आहे. तुझ्या सायकलला व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब हातांचे ब्रेक) असले तर त्यांना खूप केबल ओढावी लागते आणि रोडचा लिव्हर तेवढी ओढतच नाही, लिव्हर हँडलला टेकेल आणि ब्रेक अर्धाच लागेल. पुढचा डीरेलरही माउंटन बाइकवाला असेल तर रोडच्या डाव्या शिफ्टरशी जमत नाही. म्हणजे हँडल, शिफ्टर, ब्रेक, पुढचा डीरेलर, टेप, सगळ्या केबल्या, एवढ्यात वापरलेली अख्खी रोडबाइक येते. हात दुखतात म्हणून विचारत असशील तर हँडलच्या टोकांना बार-एंड लाव, चारपाचशेत काम होतं आणि हाताला दुसरी पकड मिळते.

ताई, दुकानातून नवा शिफ्टर, नवी केबल टाकून आणली, तरी मधल्या गिअरला साखळी उड्या मारते. बॅरल (केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) किती फिरवला तरी वरचे गिअर बसले की खालचे बिघडतात. शिफ्टर परत करू का?

— एक वाचक, दादर

उत्तर : थांबा. शिफ्टर तुमच्या डीरेलरच्या मापाचाच असेल, तर वरचे बसले की खालचे बिघडतात म्हणजे बहुधा शिफ्टर नाही, हँगर वाकलाय. मागचा डीरेलर ज्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो ती मुद्दाम मऊ केलेली असते, फ्रेम वाचावी म्हणून. सोसायटीच्या जिन्याखाली तुमच्या सायकलवर कोणाची तरी स्कूटर टेकली असेल, किंवा ती उजव्या अंगावर पडली असेल. सायकलच्या मागे उकिडवे बसून बघा, डीरेलरची दोन छोटी चाकं आणि कॅसेटच्या चकत्या एका सरळ रेषेत उभ्या दिसायला हव्यात, खालचं चाक आत स्पोककडे झुकलेलं दिसलं की समजा. तोवर सगळ्यात मोठ्या चकतीवर अजिबात टाकू नका, डीरेलर स्पोकमध्ये गेला तर चाकासकट जाईल. हँगर सरळ करायचं मापाचं हत्यार ज्याच्याकडे आहे अशाच मेकॅनिककडे न्या, पान्याने अंदाजाने वाकवणाऱ्याकडे नको. अगदीच तुटायला आला असेल तर जुना काढून सोबत घेऊन जा, प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो, भोकं जुळवूनच नवीन घ्या.