ऊन नाही, हवा नाही. मग खाली खातात काय?

"कोयनेच्या खोल बोअरमध्ये जिवाणू सापडले म्हणतात, पण ते जगतात कशावर?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आधी समुद्रतळ बघू, तिथे हिशेब सोपा आहे.

ओहोटीला खाडीच्या चिखलात काठी खुपसून बघा. वर जेमतेम बोटभर तपकिरी थर, खाली काळाकुट्ट गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. वरचे जिवाणू मेलेलं शेवाळ वगैरे कुजवताना ऑक्सिजन संपवून टाकतात. खालचे ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, मँगनीज, लोह यांवर भागवतात. तेही आटलं की समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट. वास येतो तो त्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा. तोच लोहाशी मिळून गाळ काळा करतो आणि पुढे पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) होतो. सल्फेट संपलं की मिथेन बनवणाऱ्या आर्कियांची (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) पाळी. मिथेन वर झिरपतो, सल्फेट खाली उतरतं. दोघांची गाठ पडते तिथे दुसरे आर्किया आणि सल्फेटवाले जिवाणू एकमेकांना चिकटून, भागीदारीत मिथेन फस्त करतात. यात सुटलेल्या बायकार्बोनेटमुळे गाळातच चुनखडीचे गोटे धरतात. म्हणजे ही मंडळी दगड घडवतातसुद्धा!

कोयनेत असं पुरलेलं शेवाळ फारसं नाही. १९६७च्या भूकंपानंतरही तिथे धक्के थांबले नाहीत, म्हणून कोयना परिसरातल्या गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर घेतली. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, त्याखाली अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा ग्रॅनाइटी खडक. अशा खडकात मुख्य खाणं हायड्रोजन. भेगांतल्या पाण्याची लोहयुक्त खनिजांशी क्रिया होऊन तो सुटतो, शिवाय युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटूनही. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले की काही सूक्ष्मजीवांचं भागतं.

पण मिळकत इतकी तुटपुंजी की वाढ जवळजवळ नाहीच. दक्षिण पॅसिफिकच्या मध्यभागी गाळात अन्नच इतकं कमी की ऑक्सिजन तळापर्यंत शिल्लक राहतो. तिथल्या १०.१५ कोटी वर्षं जुन्या गाळातल्या सूक्ष्मजीवांना जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत खाऊ घातलं, तर ते खाऊ आणि वाढू लागले. हे २०२०मध्ये प्रसिद्ध झालं.

बातमीत नुसतं 'डीएनए सापडला' असेल तर मात्र लगेच हुरळू नका. डीएनए मेलेल्या पेशीचाही असतो, ड्रिलिंगच्या पाण्यातूनही येतो. कोअरचा (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्याचा) बाहेरचा भाग तासून टाकला होता का आणि ड्रिलिंगच्या पाण्याचा नमुना सोबत तपासला होता का, एवढं आधी बघा.