मुलाच्या पलंगाला उशाकडे खऱ्या मापाचे क्रिकेट स्टंप लावले तर चालतील का?

चालतील, पण टोकदार बाजू कापून आणि वर-खाली दोन्हीकडे आडव्या पट्टीत पक्के बसवून. क्रिकेटच्या नियमांनुसार तीन स्टंपची एकूण रुंदी 22.86 सेंमी असते, म्हणजे दोन स्टंपमधली फट साधारण 6 सेंमी. तेवढ्या फटीतून लहान मुलाचं अंग किंवा डोकं जात नाही. धोका असतो तो दोन विकेटमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेत, कारण तिथून अंग सरकतं आणि डोकं अडकतं. म्हणून चौकटीची आतली रुंदी 90 सेंमी असेल तर 3.6 सेंमी जाडीचे 9 स्टंप सारख्या अंतरावर लावा. प्रत्येक फट 5.8 सेंमीच्या आत राहते.

स्टंपची दोन्ही टोकं तासून 20 मिमी जाडीची करा, 40 मिमी जाड पट्टीत 25 मिमी खोल भोक पाडून फेव्हिकॉलने बसवा आणि मागून आडवा स्क्रू मारा. नुसत्या फेव्हिकॉलवर भरवसा नको: लाकूड सुकून आकसतं, मूल ओढतं, आणि स्टंप गरगर फिरू लागतो.

बेल्स मात्र वेगळ्या चिकटवू नका, निघाल्या की थेट तोंडात जातात. वरच्या पट्टीवर रंगवा.

हे फक्त उशाकडच्या भागासाठी. पलंगाचं वजन पायांवर आणि बोल्टने जोडलेल्या बाजूच्या फळ्यांवरच यायला हवं.