उशिरा कळलेले सुतक

पत्र (संक्षिप्त) : ताई, मी आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावचा. वय 31, पाच एकर कपाशी आणि तूर. 2012 साली अमरावतीला पॉलिटेक्निकला असताना रूम पार्टनरने मेमरी कार्डात काही इंग्रजी गाणी भरून दिली होती. गाण्यांना नावे नव्हती, ‘ट्रॅक 04’, ‘ट्रॅक 05’ एवढेच लिहिलेले. त्यातला पाचवा ट्रॅक मी आजवर शेकडो वेळा ऐकला आहे. सुरुवातीला पियानो आहे आणि पुढे एक बाई शब्दांशिवायच गाते. यंदा पहिल्यांदा शोध घेतला, तेव्हा कळले की हे पिंक फ्लॉइड या बँडचे संगीत, पियानो रिचर्ड राइट यांचा, आणि ते 15 सप्टेंबर 2008 रोजीच कॅन्सरने वारले. मी पहिल्यांदा ऐकले त्याच्या चार वर्षे आधी! दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. रात्री शेतात बसून रडलो. बाबांनी पाहिले आणि म्हणाले, “तो तुया कोन लागे? आबाजी मेले तवा तुया डोयात पानी नोतं, अन् या गोऱ्यासाठी रडून रायला?” आबाजी माझे आजोबा, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. 2021 च्या मे महिन्यात कोरोनात गेले. तेव्हा मी खरेच रडलो नव्हतो. बाबांचे बोलणे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. माझ्यात काही खोट आहे का? आणि 15 सप्टेंबरला चौकात राइट यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावावा, असे होस्टेलच्या मित्रांचे म्हणणे आहे. लावू का? — एक वाचक

उत्तर :

प्रिय भाऊ,

माझ्या लहानपणी घरी कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले की आई ते वाचून घेण्याआधीच उंबऱ्यावर बसकण मारायची. कोण गेले हे नंतर कळायचे, पण कोणीतरी गेले आहे हे त्या फाटक्या कोपऱ्यावरून कळायचे. कधी कधी ते कार्ड गावोगाव फिरून महिन्याभराने पोहोचायचे, आणि मग आजी सुतकाचा हिशोब मांडायची, की बातमी दहा दिवसांत कळली तर इतके, नंतर कळली तर इतके, आणि वर्ष उलटून गेल्यावर कळली तर नुसती आंघोळ. आता सुतक पाळायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, परंतु त्या हिशोबात एक समजूतदारपणा होता. माणूस मेला त्या दिवशी त्याच्यापुरते सगळे संपते, पण आपले दुःख बातमी दारात येते त्या दिवशी सुरू होते, हे त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना ठाऊक होते. तुमचे पोस्टकार्ड पोहोचायला सतरा वर्षे लागली, इतकेच.

शिवाय तुमच्या बाबतीत एक गोष्ट अधिक अवघड आहे. ज्यांनी 2008 सालापूर्वीपासून राइट यांना ऐकले होते, त्यांना ते जिवंत असल्याचे सुख आधी मिळाले आणि दुःख नंतर. तुम्ही मात्र तेरा वर्षे एका माणसाच्या बोटांशी जवळीक केली, ती बोटे कोणाची हे तुम्हाला माहीत नव्हते, आणि ज्या दिवशी नाव कळले त्याच दिवशी मरणही कळले. ओळख आणि ताटातूट एकाच संध्याकाळी झाली, तर माणसाला दोन दिवस अन्न गोड लागणार नाही, यात मला काहीही विपरीत दिसत नाही.

राइट यांच्याविषयी तुम्ही पत्रात फारसे लिहिलेले नाही, पण “पियानो वाजवणारे” या दोन शब्दांवर तुमचे मन अडलेले आहे हे मला दिसते, आणि ज्याच्या घरी पेटीवाला होता त्याचे मन तिथे अडणारच. भजनात पेटीवाल्याची जागा कुठे असते ते आठवा. बुवा मधोमध बसतात, खंजिरीवाला सगळ्यांच्या नजरेत भरतो, आणि पेटीवाला कडेला बसून एका हाताने भाता हलवत असतो. बुवांचा सूर उतरला तर त्याने हळूच वर धरायचा, बुवा ओळ विसरले तर तीच ओळ दोनदा वाजवून वेळ काढायची, आणि भजन रंगले तर वाहवा बुवांची व्हायची. राइट यांचे आयुष्य साधारण याच जागेवर गेले. तुमचा पाचवा ट्रॅक 1973 सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधला आहे आणि त्याची रचना मुळात त्यांची आहे. बँडची गाजलेली मंडळी मात्र दुसरीच, गिटारवाले डेव्हिड गिल्मोर आणि गाणी लिहिणारे रॉजर वॉटर्स. 1979 च्या सुमारास ‘द वॉल’ हा अल्बम तयार होत असताना तर वॉटर्स यांच्याशी बिनसून राइट यांना बँडमधून बाहेर काढण्यात आले. त्यानंतरच्या दौऱ्यात ते त्याच मंचावर, त्याच गाण्यांत, पण पगारी वादक म्हणून वाजवत होते. तो दौरा इतका खर्चिक होता की मालकांना तोटा झाला आणि पगार घेणारे राइट तेवढे फायद्यात राहिले, असे सांगतात. सालदाराचे साल पक्के असते आणि धन्याची कपाशी बोंडअळी खाते, तसलाच हा प्रकार, त्यामुळे मला तो वाचून हसू आले, हे कबूल करते. पुढे ते बँडमध्ये परतले. 2 जुलै 2005 रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे कित्येक वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले, त्यातही ते होते. तीन वर्षांनी, वयाच्या 65 व्या वर्षी, ते गेले.

आता त्या बाईंच्या गाण्याविषयी. त्यांचे नाव क्लेअर टोरी. त्या गाण्याचा विषय मरण हाच आहे, आणि त्यात त्यांना एकही शब्द दिलेला नव्हता, नुसता गळा वापरायचा होता. त्या दिवशीचे त्यांना 30 पौंड मिळाले. पुढे त्यांनी कोर्टात दाद मागितली आणि 2005 साली तडजोड होऊन त्या रचनेवर राइट यांच्या जोडीने त्यांचे नाव लागले. तुम्ही लिहिता की इंग्रजी फारसे कळत नाही, तरी हे गाणे कळते. कळेलच ना. आपल्याकडे मयतीला परगावची आत्या येते, तेव्हा ती वेशीपासूनच हेल काढत येते, आणि सुरुवातीचे “माझ्या दादा रे” संपले की पुढे शब्द उरत नाहीत, नुसता आवाज वर चढतो, मध्येच तुटतो आणि दमून खाली येतो. तुमच्या पाचव्या ट्रॅकमध्ये अगदी हेच घडते. पहिल्यांदा आक्रोश, नंतर थकलेले हुंदके, आणि खाली पियानो त्या बाईला सोडून न जाता चालत राहतो. हे समजायला कोणत्या भाषेची परीक्षा द्यावी लागते?

बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. “तो तुया कोन लागे?” हा प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे रडण्याचा अधिकार नात्यावरून ठरतो, आणि बाबा त्या हिशोबाने विचारत आहेत. पण तुम्हीच पत्रात पुढे लिहिले आहे की बाबा दर वर्षी राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला मोझरीला जातात. तुकडोजी महाराज 1968 साली गेले. गुरुकुंजात त्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला सगळा समुदाय जागच्या जागी उभा राहून मौन पाळतो, आणि त्यांत महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता किती थोडी असतील ते बाबांनाच अधिक ठाऊक असेल. तिथे उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला कोणी विचारत नाही की ते तुझे कोण लागत होते. मी संताची आणि वादकाची बरोबरी करत नाही, तसे कोणी म्हणू नये. ज्याला पाहिले नाही, ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही, त्याच्यासाठी मौन उभे राहणे बाबांना परके नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. मात्र हा युक्तिवाद तुम्ही त्यांच्या तोंडावर फेकू नका, तसे केले तर घरात नुसते भांडण होईल. त्यांना रॉक म्हणजे काय, प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय हेही समजावत बसू नका. “बाबा, तो त्यांच्या मंडळातला पेटीवाला होता,” एवढे एक वाक्य सांगा आणि गप्प बसा. “गोरा” म्हणून ते हिणवतील, तर आबाजींची पेटीही मुळात एकोणिसाव्या शतकात युरोपातूनच आली, आणि आपल्याच आकाशवाणीने 1940 सालापासून कित्येक वर्षे तिला परकी म्हणून बाहेर ठेवले होते, हे मनात असू द्या. बोलून दाखवण्याची गरज नाही.

मी स्वतः अशी रडलेली आहे. 14 मार्च 2003 रोजी सुरेश भट गेले, त्या दिवशी माझे वरण करपले, आणि सासूबाईंनी कारण विचारल्यावर मला सांगता आले नाही, कारण भटांशी माझी ओळख अमरावतीच्या एका कार्यक्रमात सातव्या रांगेतून झालेली होती. मी डोळ्यांत कांद्याचे पाणी आले असे सांगितले. वरणात कांदा नव्हता. सासूबाईंच्या ते लक्षात आले असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचे मोल मला फार उशिरा कळले.

आबाजींचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला आहे. तुमचे पत्र वाचणारा कोणीही शहाणा माणूस म्हणेल की तुम्ही राइट यांच्यासाठी रडलाच नाहीत, ते आबाजींसाठीचे अडून राहिलेले रडू होते. हे ऐकायला सोपे आहे आणि बाबांनाही पटेल. पण मी तसे म्हणणार नाही. तसे म्हटले की राइट यांचे मरण नुसते निमित्त ठरते आणि तेरा वर्षांचे ऐकणे खोटे पडते, आणि ते खोटे नाही. तुमच्याकडे दोन मरणे आहेत, दोन्ही तुमची आहेत, आणि एकाचे दुःख दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याचे कारण नाही.

राहिला आरोप, की तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हते. तुम्ही लिहिता की आबाजींना दवाखान्यातून थेट स्मशानात नेले, चेहरा पाहू दिला नाही, मोजकी माणसे होती, आणि ज्या मंडळात ते चाळीस वर्षे वाजवत होते, त्यातले कोणी टाळ घेऊन येऊ शकले नाही. त्या दिवशी कागदांवर सह्या तुम्ही केल्या, रुग्णवाहिकेवाल्याशी भाव तुम्ही केला, बाबांना आवरून तुम्ही धरले. ज्याच्या अंगावर सगळे काम पडते तो रडत नाही, हे आपण प्रत्येक मयतीत पाहतो. बाबांना त्या दिवशी रडता आले, कारण तुम्ही रडला नाहीत. हे त्यांना आज आठवत नसेल, कदाचित त्या दिवशीही दिसले नसेल. एखाद्या संध्याकाळी, भांडणाच्या भरात नव्हे, त्यांना विचारा की आबाजींना नेताना कोणते भजन म्हणायला हवे होते. उत्तर आले नाही तरी विचारा.

एक गोष्ट स्पष्ट विचारते, राग मानू नका. रात्री शेतात एकटे बसता असे लिहिले आहे. ते रडून हलके होण्यासाठी असेल, तर खुशाल बसा. पण झोप उडाली असेल, कामातून मन उठले असेल किंवा आपणही नसावे असा विचार एकदा जरी आला असेल, तर त्याच दिवशी बायकोला सांगा आणि 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. आपल्या भागात हे विचारायचे राहून गेले अशी घरे मी फार पाहिली आहेत.

आणि फ्लेक्स? नका लावू. चौकातल्या फ्लेक्सवर मधोमध दिवंगताचा फोटो आणि खाली “शोकाकुल” म्हणून गॉगल घातलेली आठ पोरे, हे दृश्य मला वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा वेगळे ओळखता येत नाही. गावही विचारेल, हा कोण उमेदवार? मग तुम्हाला चौकात उभे राहून खुलासे करावे लागतील, आणि जे तेरा वर्षे कानात जपले त्याची दोन दिवसांत थट्टा होईल. मित्रांना घरी बोलवा. राइट यांच्या स्वतःच्या लोकांनी काय केले ते सांगते. पिंक फ्लॉइडचे 1971 सालचे ‘इकोज’ नावाचे तेवीस मिनिटांचे गाणे आहे, गिल्मोर आणि राइट ते दोघांच्या आवाजात मिळून गात. राइट गेल्यावर गिल्मोर यांनी ते मंचावर वाजवणे सोडून दिले. त्यांच्या जागी दुसरा कोणी बसवून ते सहज वाजवता आले असते, त्यांनी तसे केले नाही.

ते गाणे तुमच्या कार्डात नसेल तर 15 तारखेआधी मिळवा. त्याची सुरुवात एका स्वराने होते. पियानोचा एकच उंच स्वर फिरत्या स्पीकरमधून काढलेला आहे, त्यामुळे तो विहिरीत खडा पडल्यासारखा ऐकू येतो. थोडे थांबून पुन्हा तोच, पुन्हा तोच. हा स्वर पेटीवर पांढरी सात आहे. आबाजींनी लहानपणी तुम्हाला बोटे बसवून दिली होती असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तो कुठे आहे हे सांगायला नको.

आबाजींची पेटी मात्र आधी माळ्यावरून खाली काढा. चार पावसाळे बंद राहिली आहे, म्हणजे भात्याच्या घड्या सुटल्या असतील, एखाद्या कोपऱ्यात उंदराने बीळही केले असेल. सूर दाबून धरू नका, आधी उन्हात न ठेवता सावलीत दोन दिवस उघडी ठेवा, आणि मग मंडळातल्या एखाद्या जुन्या माणसाला घरी बोलावून दाखवा. बाबा घरी असतील अशा वेळी बोलवा.

तुमची,
ताई