मुंबईत जुनी रेवा इलेक्ट्रिक गाडी आता इतकी क्वचित का दिसते?

मुख्यतः बॅटरीमुळे. रेवाच्या सीटखाली 6 व्होल्टच्या 8 लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. त्यांत वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. ते राहिलं की संच लवकर बसतो, आणि नव्या संचाचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीपुढे कुणाला पटत नाही. 2001 साली बेंगळुरूहून आलेलं हे मॉडेल 2012 मध्ये बंद झालं, त्यामुळे सुटे भाग मिळणंही अवघड. बॅटरी गेली म्हणून मात्र गाडी भंगारात काढू नका, फार वाईट वाटतं ते! बाहेरचे पॅनल प्लास्टिकचे, गंजत नाहीत. आतली स्टीलची चौकट मुंबईच्या खाऱ्या हवेत टिकली असेल तर 15 वर्षांनंतरही आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवता येते.