हातची गेलेली तबकडी

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात बालगंधर्वांची ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) रेकॉर्ड दिसली. १२०० रुपये सांगितले, जास्त वाटले म्हणून ठेवून दिली. पुढच्या रविवारी गेलो तर ती विकली गेली होती. तेव्हापासून चुटपुट लागली आहे. तशीच पुन्हा मिळेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मिळेल, पण 'तशीच' म्हणजे कशी? पद कोणते, लेबलचा रंग कोणता, क्रमांक काय, यातले काहीच तुम्ही कळवलेले नाही. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी एकेकाळी घरोघरी वाजत, त्यामुळे प्रती अजून बाजारात फिरतात. दुर्मीळ असते ती न झिजलेली प्रत. तुमच्या हातून नेमके काय गेले, ते त्या दिवशी तबकडी न तपासल्यामुळे आता सांगता येणार नाही.

पुढच्या वेळी आधी मोबाइलवर दोन्ही लेबलांचे फोटो घ्या. मग लेबल आणि सुई फिरते त्या खाचा यांच्या मधली गुळगुळीत पट्टी उजेडात तिरपी धरा. तिथे ठशाने उमटवलेला मॅट्रिक्स क्रमांक दिसेल. तो ध्वनिमुद्रणाचा असतो आणि दोन्ही बाजूंचा वेगळा. एकच पद कलाकाराने पुन्हा ध्वनिमुद्रित केले असेल, तर फरक इथेच कळतो. विक्रेत्याकडे हाच क्रमांक लिहून ठेवा. 'बालगंधर्वांचे काहीही चालेल' असे सांगितलेत की भाव चढलाच म्हणून समजा.

नंतर चीर बघायची. मधल्या भोकात बोट घालून तबकडी लटकती धरा आणि कडेवर हलकी टिचकी मारा. धड असेल तर खणखणीत वाजते, भेगाळली असेल तर बद्द आवाज येतो. केसाएवढी चीर खाचांवरून आरपार गेली असेल, तर सुई दर फेऱ्याला एकदा टिकटिकते. म्हणजे मिनिटाला ७८ वेळा, तीन मिनिटांच्या पदात सव्वादोनशेहून जास्त! अशा रेकॉर्डला १२०० काय, २०० रुपयेही देऊ नयेत. खाचा काळ्याभोर चकाकण्याऐवजी राखाडी दिसत असतील, तर पोलादी सुईने त्या खाल्लेल्या आहेत. या तबकड्या लाखेच्या; त्या लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे, तिच्यावर सुई घासून झिजे. म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. जिथे ती पाळली नाही, तिथे झीज तबकडीच्या वाट्याला आली.

लेबलवर 'हॅनोव्हर' असेल आणि मागची बाजू कोरी असेल, तर मात्र घासाघीस आवरती घ्या. कलकत्त्याला सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये सुरू होण्याआधी इथल्या गायनाच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून छापून येत. जुन्या तबकड्यांत गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव सांगते, ते त्या काळचेच. परक्या कारागिरांना लेबल जुळवायला त्याचा उपयोग होई.

टपालाने मागवणार असाल तर आधी तिरप्या उजेडातला फोटो मागा. ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये, आत अजिबात न हलता बांधून पाठवायला सांगा. नाहीतर तबकडी वाटेतच फुटू शकते.

प्रश्न : एलपीच्या (नंतर आलेल्या व्हिनाइल तबकड्यांच्या) टर्नटेबलवर ७८ची रेकॉर्ड लावली तर चालेल का? आणि ती धुवायची कशी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टर्नटेबलला ७८ची गती हवी आणि सुईही वेगळी. ७८ची सुई टोकाशी साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येची असते, एलपीची २५ किंवा त्याहून बारीक. बारीक सुई खाचेच्या तळाला जाऊन मळ उकरते आणि आवाजापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. धुताना स्पिरिट अजिबात वापरू नका, त्यात लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे दोन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडे ठेवा. टिपून झाल्यावर सावलीत उभी वाळवा आणि कागदी पाकिटात उभीच ठेवा. एकावर एक रचलेल्या तबकड्यांतली खालची आधी तडकते.